मागचे चार प्लग: हात न पोचणारे स्पार्क प्लग घरी कसे बदलावेत

बाबांना गाडीची प्रत्येक पावती फाइलला लावून ठेवायची सवय. २००६ साली घेतलेली आमची होंडा सिटी पंधरा वर्षांची झाली आणि आरटीओत पुन्हा नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा ती फाइल मी पहिल्या पानापासून वाचली. स्पार्क प्लग बदलल्याची तीन बिलं सापडली आणि तिन्हींवर एकच आकडा होता: ४ नग.

या गाडीचं इंजिन आय-डीएसआय आहे. सिलिंडर चार, पण प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन. म्हणजे प्लग आठ आणि प्रत्येकावर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल. चार पुढच्या बाजूला, त्यातल्या त्यात हाताशी. उरलेले चार मागे, केबिनच्या पत्र्याला लागून, वायपरच्या जाळीखाली. पंधरा वर्षांत त्यांना कोणी हात लावल्याची एकही नोंद नव्हती. पुढचे चार बदलले की गाडी सुरू होते, बरी चालते, गिऱ्हाईक जातं. मागच्यांसाठी वायपर उतरवावे लागतात, म्हणून ते राहून जातात. पल्सरसारख्या ट्विन स्पार्क बाइकवाल्यांनाही हा अनुभव असेल. तिथेही आडबाजूचा दुसरा प्लग बऱ्याचदा तसाच राहतो.

दोन प्लगच्या इंजिनात एक प्लग अगदी थकला तरी दुसरा ठिणगी देतो आणि सिलिंडर पेटतं. त्यामुळे गाडी मिसिंग करत नाही, फक्त मलूल होते. आमची गाडी बोरघाटात तिसऱ्या गिअरवर दम खायची, पेट्रोल जास्त प्यायची, आणि आम्ही ते तिच्या वयावर ढकलत होतो. मागचे चार बदलल्यावर घाटातला फरक बाबांना न सांगता कळला. तेव्हापासून या गाडीचे आणि नातेवाइकांच्या दोन-तीन गाड्यांचे प्लग मी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्येच बदलतो.

अडचणीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी. मारुती ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे काम सीट उचलण्यापासून सुरू होतं. आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनात मागची रांग केबिनच्या पत्र्याकडे असते आणि वरून बऱ्याचदा इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डने झाकलेली असते. काही साध्या चार सिलिंडरच्या गाड्यांतही प्लगवर एअर फिल्टरचा डबा नाहीतर एखादा पाइप येतो. पण प्लगपर्यंत पोचल्यानंतरचं काम सगळीकडे सारखंच. प्लग फिरवायला दहा मिनिटं पुरतात, त्याच्यापर्यंत नीट जागा करायला दोन तास लागतात. हात घुसत नसताना तिरक्या पान्याने जोर लावला की प्लगची पांढरी चिनीमाती तडकते किंवा हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, आटे जातात. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचे आटे पोलादाचे. या झटापटीत नेहमी हेडच हरतं.

प्लग कोणता घ्यायचा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये प्लगचा नंबर दिलेला असतो. तोच घ्या, किंवा त्याच कंपनीच्या तक्त्यात त्याला जुळणारा. नंबरातली अक्षरं आणि आकडे शोभेची नसतात. एनजीकेचा बीकेआर६ई-११ हा नंबर पाहा: बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि ११ म्हणजे गॅप, मधल्या आणि बाजूच्या तारेतलं अंतर, १.१ मिमी. यातली लांबी चुकली तर लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. उष्णतेचा क्रमांक मनाने बदलला तर प्लग एकतर काजळतो नाहीतर तापून अवेळी पेट घेतो.

निकेलच्या साध्या प्लगपेक्षा इरिडियमचे महाग असतात, पण खूप जास्त टिकतात. हाताशी असलेल्या प्लगसाठी मी हा खर्च करा म्हणणार नाही. जिथे पोचायला वायपर उतरवावे लागतात तिथे मात्र नक्की करा, कारण पुढची दोन-तीन उघडझाप वाचते. गाडी सीएनजीवर असेल तर आणखी एक गोष्ट. सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून रुंद झालेली गॅप पेट्रोलवर चालून जाते आणि सीएनजीवर गेलं की तीच गाडी धक्के मारायला लागते.

किती किलोमीटरला बदलायचे हे मॅन्युअल सांगतं, पण मुंबईत निव्वळ किलोमीटरवर जाऊ नका. सायनच्या सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं, प्लग ठिणग्या टाकत असतो, आणि मीटर जागचा हलत नाही.

खरेदीसाठी मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात जातो. जुना प्लग सोबत नेतो आणि नवा त्याच्या शेजारी धरून आट्यांची लांबी, षटकोन आणि वायसर तिन्ही जुळवून घेतो. नकली प्लग बाजारात आहेत. छपाई फिसकटलेली असेल, बुडाचे आटे खडबडीत असतील, मधली तार केंद्रात नसेल तर परत करा.

हत्यारं

ही मी नागदेवी स्ट्रीटवरून जमवली. १६ मिमीची प्लगची गोटी (सॉकेट), आत रबर किंवा चुंबक असलेली. जुन्या काही गाड्यांना २१ मिमी लागते, काही नव्या बारीक प्लगना १४. ३/८ इंची रॅचेट आणि तीन एक्स्टेंशन: ३, ६ आणि १० इंच. एकच लांबलचक एक्स्टेंशन घेऊ नका. अरुंद जागेत तुकडे जोडत खाली जावं लागतं, आणि ते तुकड्यांनीच जमतं. एक युनिव्हर्सल जॉइंट. कॉइलच्या बोल्टसाठी बहुतेक जपानी गाड्यांना १० मिमीची गोटी. ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच. गॅप मोजायचं तारेचं गेज. डोक्याला बांधायची टॉर्च, लांब दांडीचं चुंबक, सायकलचा पंप, चष्मा, चिकटपट्टी आणि मार्कर.

आणि हात-सव्वा हात लांबीची रबरी नळी, प्लगच्या चिनीमातीवर घट्ट बसेल अशी. पेट्रोलची जुनी नळीही चालते. या सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. ती का, ते पुढे येईल.

अंड्यांचा कागदी ट्रेही घ्या. प्रत्येक खळग्यावर क्रमांक टाका आणि बोल्ट ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा, वॉचमनदादांनाही सांगा, आणि गाडीखाली जुनी चादर अंथरा. पडलेला बोल्ट चादरीवर सापडतो. फरशीवर पडला की घरंगळत थेट गटाराच्या जाळीकडे जातो.

थंड इंजिन, मोकळी जागा

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी काम सुरू करा. गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढून काढला की आटे सोबत येऊ शकतात. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. स्टिरिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

काहीही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक थर निघाल्यावर पुन्हा काढा. तीन तासांनी कोणती वायर कोणत्या पाइपच्या मागून गेली होती ते आठवत नाही.

आमच्या गाडीत पहिलं काम वायपरचं. पात्याची जागा काचेवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवताना पातं एकतर बोनेटला आपटतं नाहीतर काचेच्या कडेबाहेर जातं. टोपी काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दांडा दातऱ्यांवर गच्च बसलेला असतो. समुद्राच्या हवेने तिथे पांढरट गंज धरतो. गंज सोडवायचा स्प्रे मारून पाच-दहा मिनिटं थांबा आणि दांडा डाव्या-उजव्या बाजूला हलवत सोडवा. काचेचा आधार घेऊन पेचकसाने उचकटू नका, काच तडकेल. काचेवर टॉवेल घालूनच ठेवा.

मग रबरी पट्टी, प्लास्टिकच्या क्लिपा, जाळी, वायपरची यंत्रणा आणि तिच्याखालचा पत्रा, असं एकेक निघतं. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा.

इथे मुंबईची एक खास गोष्ट सांगायलाच हवी. जाळी निघाली तेव्हा खाली गुलमोहराच्या बारीक पानांचा ओला थर होता, मूठभर नव्हे, घमेलंभर. आमची गाडी वर्षानुवर्षं गेटबाहेरच्या गुलमोहराखाली उभी असायची. या पानांनी पाणी निचरायची दोन्ही भोकं बुजतात, जून-जुलैत तिथे तळं साचतं, आणि ते पाणी वाट काढत मागच्या कॉइलवर ठिबकतं. पावसाळ्यात गाडी सकाळी धक्के मारते आणि दुपारी आपोआप बरी होते, अशी तक्रार असेल तर प्लग बदलण्याआधी ही भोकं पाहा. सगळं उघडलंच आहे तर पानं काढा, भोकांतून तार फिरवा आणि तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली येतंय का बघा. हे सगळं कॉइल जागेवर असतानाच उरका. एकदा प्लगची भोकं उघडी झाली की तिथे पाणी नको.

मॅनिफोल्ड काढावं लागणाऱ्या इंजिनात त्याचे गॅस्केट नवे आणूनच कामाला बसा, आणि मॅनिफोल्ड निघाल्या निघाल्या हेडची उघडी तोंडं स्वच्छ फडक्याने झाका. त्यातून एक वायसर आत गेला तर हेड उघडावं लागेल.

कॉइल आणि भोवतालची घाण

प्रत्येक कॉइलवर आणि तिच्या कप्लरवर, म्हणजे वायरच्या जोडावर, तोच क्रमांक टाका. कप्लरचं कुलूप जुन्या गाडीत हमखास मोडतं. ते वाचवायचं तर आधी कप्लर किंचित आत ढकला, मग खटका दाबा, मग ओढा. वायर धरून ओढू नका. बोल्ट काढल्यावर कॉइल आधी डावी-उजवी थोडी फिरवा, म्हणजे रबराचं बूट प्लगपासून सुटतं, आणि मग सरळ वर उचला. तिरकी ओढली तर बूट फाटून अर्धं खालीच राहतं.

आता टॉर्च मारून खाली पाहा. प्लग टॅपेट कव्हरमधून खाली जात असतील आणि तिथे इंजिन ऑइल साचलेलं दिसलं, तर प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते न बदलता नवे प्लग टाकले तर बुटाची वाट लागेल. पाण्याच्या गंजाची रेघ दिसली तर वरची भोकं आठवा.

प्लग सैल करण्याआधी चष्मा लावून पंपाने भोवतालची धूळ आणि वाळू उडवा. ही पायरी गाळू नका. प्लग निघाला की तिथली प्रत्येक कणी थेट सिलिंडरमध्ये पडते.

प्लग सोडवणं

जागा अरुंद असेल तर सगळं एकत्र जोडून खाली घालता येत नाही. आधी गोटी खाली सोडा, मग तिच्यात एक्स्टेंशन बसवा, त्यावर दुसरं, शेवटी रॅचेट. गोटी षटकोनावर पूर्ण बसल्याचं बोटांना जाणवलं पाहिजे. युनिव्हर्सल जॉइंट लागलाच तर त्याच्याभोवती इलेक्ट्रिकची टेप दोन-तीन वेढे गुंडाळा. मग तो लुळा पडत नाही, वाकतो पण दिशा धरून ठेवतो. एका हाताने एक्स्टेंशनचा वरचा भाग सरळ धरा आणि दुसऱ्याने रॅचेट ओढा. पान्याचा जोर बाजूला गेला की चिनीमाती तुटते.

आमचे मागचे प्लग पंधरा वर्षं जागेवर होते. पहिल्याच प्लगने कुरकुर केली. असा आवाज आला की थांबा. जेवढा सुटलाय त्याच्या निम्मा परत आवळा, आट्यांवर गंज सोडवायचं तेल दोन थेंब टाका, अर्धा तास द्या. पुन्हा थोडा सोडा, थोडा आवळा. एकेका प्लगला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. तेवढ्यानेही हलला नाही तर तेल रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी या. रॅचेटला लांब पाइप अडकवून जोर करू नका.

एका वेळी एकच प्लग काढा, त्याच जागी नवा घाला आणि मग पुढच्याकडे वळा. उघडं भोक, इकडेतिकडे पडलेले बोल्ट आणि भुकेची वेळ हे त्रिकूट वाईट.

जुना प्लग फेकण्याआधी वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडरचं बरं चाललंय. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा सततचे छोटे पल्ले. ओला तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय. पांढरं फटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्लग जास्त तापतोय. चिनीमातीवर धातूच्या कडेलगत तपकिरी वलय असेल तर घाबरू नका, तो उच्च दाबाच्या विजेचा नेहमीचा डाग आहे. पण वरून खाली जाणारी काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळत होती. त्या प्लगसोबत बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ उमटेल. आमच्या मागच्या चारांची गॅप नव्याच्या जवळजवळ दुप्पट झाली होती आणि बाजूच्या तारेच्या कडा गोल झिजल्या होत्या.

नवा बसवणं

गॅप मोजा. निकेलच्या प्लगची बाजूची तार हलकेच वाकवून गॅप जुळवता येते. मधल्या तारेवर टेकवून उचकटू नका. इरिडियमची मधली तार बारीक आणि नाजूक असते, तिथे गॅप फक्त नजरेने तपासा आणि चुकलेली वाटली तर प्लग बदलून आणा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

आता ती रबरी नळी. प्लगच्या वरच्या टोकावर ती घट्ट बसवा, प्लग खाली सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. आधी उलट्या दिशेने, अगदी सावकाश, एक वेढा. आटे एकमेकांना भेटले की प्लग किंचित खाली बसल्याचा बारीक टक्क जाणवतो. तिथून सुलट फिरवा. आटे वाकडे लागले तर रबर प्लगवर घसरतं आणि पुढे जात नाही. हीच तिची किंमत. पोलादी पान्याला हा नकार कळत नाही, तो ॲल्युमिनियम कापत पुढे जातो. नळी घसरली की उलट फिरवून काढा आणि पुन्हा सुरू करा, कितीही वेळा. मागच्या तिसऱ्या प्लगला मला सहा वेळा करावं लागलं. प्लग बोटांनीच पूर्ण खाली टेकला पाहिजे.

टेकल्यावर गोटी लावा. वायसर असलेल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेला असताना टॉर्क रेंचचा आकडा बिनचूक राहत नाही, म्हणून शेवटचं आवळणं शक्य तितकं सरळ एक्स्टेंशनवर करा. टॉर्क रेंच तिथे शिरतच नसेल तर अंशांनी मोजा: नवा, वायसरवाला प्लग हाताने टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश वेढा. तोच प्लग काढून पुन्हा घातला तर वायसर आधीच चेपलेला असतो, तेव्हा एक बारांश वेढाच पुरे. वायसर नसलेल्या शंकूच्या बैठकीच्या प्लगला त्याहूनही कमी, एक सोळांश.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मुलामा दिलेल्या नव्या प्लगना मी लावत नाही, आणि एनजीकेही लावू नका म्हणते. घसरण वाढली की त्याच आकड्याला प्लग ठरलेल्यापेक्षा जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात मात्र बुटाच्या तोंडाला आतून द्या. पाणी आत जात नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही.

कॉइल सरळ दाबा, बोल्ट हलका आवळा, कप्लर खट्ट आवाज येईपर्यंत. आवाज आला नाही तर तो बसलेला नाही.

सुरू करण्याआधी आणि नंतर

जाळी परत लावण्याआधी बॅटरी जोडून इंजिन एकदा सुरू करा. एखादी कॉइल नीट बसली नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं. वायपरच्या यंत्रणेत हात नको आणि वायपर चालू नको. इंजिन थरथरलं तर लगेच बंद करा आणि क्रमांकाने एकेक कप्लर तपासा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर असेल तर पी०३०१ म्हणजे पहिलं सिलिंडर मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसरं, असं पुढे. कोड आला तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करून पाहा. कोड कॉइलमागे गेला तर दोष कॉइलचा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो प्लगच्या कित्येक पट महाग असतो.

प्लग आत तुटला किंवा आटे सुटल्यासारखा मोकळा फिरायला लागला तर तिथेच थांबा आणि गाडी टो करून इंजिनचं काम करणाऱ्याकडे न्या. हेडमध्ये नवे आटे, हेलिकॉइल, बसवता येतात, पण भुगा सिलिंडरमध्ये न पाडता ते करणं हे सरावाच्या हाताचं काम आहे. स्टार्टर मारून बघू नका.

सगळं नीट चाललं की जाळी, क्लिपा, वायपर उलट क्रमाने. काच ओली करून वायपर एकदा चालवा आणि पातं चिकटपट्टीच्या खुणेवर येतंय ना बघा.

आमच्या फाइलमध्ये आता बिलामागे एक कागद असतो. त्यावर तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर आणि आकडा: ८ नग, पुढचे ४, मागचे ४. जुने आठही प्लग मी सिलिंडरच्या क्रमाने एका डब्यात ठेवले आहेत.